पिवळ्या खड्याची नोंद

ताज्या फुटलेल्या दगडात भोवतालचं बोलणं साठतं हे कळल्यापासून, नवं खनिज नोंदवण्याआधी ते ऐकायचा नियम झाला होता. अल्कधर्मी खडकातलं हे पिवळं सिलिकेट खनिज आपण शोधल्याचं भूवैज्ञानिक वैजयंती पुराणिकांनी लिहून दिलं होतं. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने तो खडा ऐकायच्या यंत्रावर ठेवला.

मजूर ठकूबाईंचा आवाज आला, “बाई, ह्यो पिवळा खडा निराळाच हाय बघा.”

मग वैजयंतींचा, “टाक गं, उगाच ओझं.”

“ऱ्हाऊ द्या, माझ्या देवापाशी ठेवते.”

त्याच देव्हाऱ्यातून, पाहून परत देते म्हणत, वैजयंतींनी तो आणला होता.

“मॅडम, शोधकाचं नाव?” कारकुनाने हळूच विचारलं.

“ठकूबाई…” वैजयंतींनी मान खाली घातली. बारा वर्षं बरोबर डोंगर चढलेल्या बाईचं आडनाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.