पिकअपवरची खोली

वसीमनं पिकअपच्या मागं पत्र्याची खोली बसवली, आत पलंग टाकला, पंखा लावला. आजारी अम्मीला तिचं माहेर दाखवायला तो निघाला. खोलीत अम्मी आणि बायको फरहा, पुढं त्याच्याशेजारी दोस्त तनवीर. केनवड सोडल्यावर डांबर संपलं आणि गाडी दणके खाऊ लागली. मागून पत्रा वाजला. "भाभी ठोकून राह्यल्या," तनवीर म्हणाला. "तिले जरासा दणका सोसत नाही. तू गाडीची मजबुती पाह्य!" म्हणत वसीमनं वेग वाढवला. पत्रा बराच वेळ वाजला, मग थांबला. "झाली चूप," वसीम हसला. मामाच्या दारात त्यानं खोली उघडली. अम्मी फरहाच्या मांडीवर होती, अंग गार पडलेलं. "त्यायले दम लागला म्हणून ठोकत होती मी," फरहा म्हणाली. "त्यायनंच माहा हात धरला. म्हणे, राहू दे, पोरगं खुशीत गाडी चालवून राह्यलं."