मुलगी सोडून काहीही

हाज मिफ्लेहने कॉफीचा इवलासा पेला हातात घेतला आणि तोंडाला न लावताच समोरच्या तिवईवर ठेवून दिला. त्याच्यामागे दूर करक भागातल्या गावाहून आलेल्या साऱ्या पुरुषांनीही आपापले पेले खाली ठेवले. मुलगी मागायला आलेला म्हातारा शब्द मिळाल्याशिवाय कॉफी पीत नाही. आणि ज्या घरातून ती तशीच परत जाते, त्या घराचं नाव अम्मानभर चघळलं जातं.

डॉ. मुनीर निश्चिंत होते. हे सगळं आधी ठरलेलंच असतं, माणसं जमवायची ती फक्त ऐकायला. त्यांची मुलगी दीमा हट्टाला पेटली होती, लग्न करीन तर कुसैशीच. शेवटी त्यांनी मान तुकवली, पण एका अटीवर. मध्यस्थाकरवी गावाला निरोप गेला होता, की पाहुण्यांसमोर मुलाला इंजिनिअर म्हणायचं, बाकी काही नको. डॉक्टर उच्चशिक्षण खात्याचे सचिव. त्यांच्या उजव्या हाताला दोन विद्यापीठांचे कुलगुरू बसले होते. जावई एसी दुरुस्त करतो, हे त्यांच्या कानावर कसं घालायचं?

हाज उभा राहिला. त्याने अल्लाचं नाव घेतलं, दोन्ही घरांची तारीफ केली आणि शेजारच्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा माझा नातू कुसै. इस्पितळातले एसी आणि औषधांच्या थंड खोल्या सांभाळतो. आपल्या हाताचं खातो. याच्यासाठी तुमची दीमा मागतोय."

एका कुलगुरूने दुसऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरांची कानशिलं तापली. तरी ते हसले आणि म्हणाले, हाजचं वय झालं, विसरले असतील, मुलगा इंजिनिअर आहे.

हाज काही विसरला नव्हता. निरोप पोचला होता, असं त्याने सरळ सांगितलं. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, तेव्हा डॉक्टर स्वतः गावात आले होते. खात्याच्या नव्या प्रशिक्षण केंद्रासाठी चौकात मांडव घातला होता. देशात पदव्यांचा पूर आलाय, घरोघरी एकेक इंजिनिअर खाटेवर लोळतोय आणि गळका नळ दुरुस्त करायला माणूस मिळत नाही, असं माइकवरून म्हणाले होते. पोराच्या हातात पाना द्या, त्याची लाज बाळगू नका, असंही म्हणाले होते. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या.

"मी घरी गेलो आणि याचं कॉलेज सोडवून तुमच्या केंद्रात घातलं," हाज म्हणाला. "हा रडला. मी याचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं."

"भाषण देशासाठी होतं, हाज. मुलगी माझी आहे."

माणसाला खरं बोलायला एवढा राग यावा लागतो. डॉक्टरांचा भाऊसुद्धा गालिच्याकडे बघत राहिला. पण डॉक्टर आता थांबणाऱ्यातले नव्हते. एमए झालेल्या मुलीने काय तेलकट कपडे धुवायचे, असं विचारून झालं. मग म्हणाले, मुलाने पदवी घ्यावी, कुठल्याही विषयाची, बाहेरून परीक्षा देऊन घेतली तरी चालेल, आणि मग खुशाल यावं.

कुसै इतका वेळ खाली मान घालून बसला होता. "म्हणजे शिकायचं नाहीच," तो म्हणाला. "नुसता कागद आणायचा."

मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालू नये हे पान्याबरोबर शिकवलं नाही वाटतं, असं डॉक्टर त्याच्याकडे न बघताच म्हणाले.

हाजने खांद्यावरचा अबा, तो लांब झगा, सावरला. त्याबरोबर मागची माणसंही उठायला लागली. तिवयांवर भरलेले पेले तसेच राहिले होते. भावाने डॉक्टरांच्या कानाशी लागून तेवढंच दाखवलं, आणि डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला.

"बसा हाज. माझ्या दारातून कोणी असं जात नाही. मुलगी सोडून काहीही मागा, दिलं. सगळ्यांसमोर शब्द देतो. कॉफी घ्या."

"काहीही?"

"काहीही."

म्हातारे काय मागतात ते डॉक्टरांना पाठ होतं. एखाद्या पुतण्याला नोकरी, नाहीतर भाचीला विद्यापीठात जागा. त्यांच्या एका फोनचं काम.

"मग येत्या शुक्रवारी नमाज झाली की आमच्या गावात या," हाज म्हणाला. "तोच चौक, तोच माइक. यंदा बरीच पोरं तुमच्या त्या प्रशिक्षण केंद्रात जायला निघालीत. त्यांना आणि त्यांच्या आयांना सांगा, की तुमच्या केंद्रात शिकलेल्याला तुम्ही मुलगी देत नाही. का देत नाही तेही सांगा. देशासाठीचं नको, घरातलं सांगा."

डॉक्टरांनी कुलगुरूंकडे पाहिलं. दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली. शब्द देऊन झाला होता, आणि ते दोघेही त्याचे साक्षीदार होते.

हाजने पेला उचलला. थंड झालेली कॉफी त्याने एका घोटात संपवली. मग मागच्या सगळ्यांनी आपापले पेले उचलून रिकामे केले.

आतल्या खोलीत बायका दाराच्या फटीला डोळे लावून बसल्या होत्या. बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, पेले रिकामे होताना तेवढे दिसले. दीमाच्या आईने जीभ हलवून आनंदाची पहिली किलकारी दिली. मग मावश्यांनी, आत्यांनी दिली, जिन्यातल्या शेजारणींनी ती उचलली आणि वरच्या मजल्यापर्यंत नेली. त्या सगळ्या कल्लोळात कुसैला दीमाचं हसणं वेगळं ओळखू आलं.

बैठकीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आत जाऊन सांगायला कोणीच उठेना.