काकूंची कोरडी छत्री

“काकू, पाऊस नाही, पाणी नाही, मग रोज रात्री अंगणात छत्री उघडून का बसता हो?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शाल्मलीनं कुंपणावरून विचारूनच टाकलं.

शेजारच्या मुणगेकरकाकू हसल्या. “छत्री दुर्बिणीसाठी गं. तुमच्या अंगणातल्या दिव्याचा उजेड माझ्या फोटोत घुसतो ना!” त्यांनी कॅमेरा पुढे केला. मृग नक्षत्रातला गुलाबी तेजोमेघ पाहून ती हरखलीच. पण कडेला पिवळट डाग होता.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“अंधाराला घाबरायचीस ना तू! तुझ्यासाठीच आईबाबांनी लावला होता तो दिवा. माझं छत्रीनं भागत होतं.”

शाल्मलीनं ओणवून काकूंचा पापाच घेतला आणि घरात धूम ठोकली.

“आईबाबा, आजपासून अंगणातला दिवा बंद! आणि मी चालले काकूंकडे, अंधारातून, एकटी!”