घरी केलेला बोर्ड

"आणखी आठ दिवस." रियाजनं मोबाइल बहिणीपुढं धरला. सर्किट बोर्ड बनवून देणाऱ्या कंपनीचा निरोप होता. माल तयार व्हायला उशीर होतोय, क्षमस्व.

अख्तरबानूनं तो वाचला आणि आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. तिथं तिची सव्वा महिन्याची मुलगी आजीजवळ, नसीमबानूंजवळ, झोपली होती. अख्तरबानूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या नवऱ्याला, हमीदलाही नाही. उद्या हमीद तिला खडकीच्या घरी न्यायला येणार होता. बाळाचं मात्र अम्मीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"पोर रडून निळी पडेल आणि हे दोघं शेजारी गाढ झोपलेले असतील," नसीमबानू म्हणाल्या होत्या. "थोडी मोठी होईपर्यंत इथंच राहील."

त्यावर रियाजनं एक यंत्र जुळवलं होतं. बाळ रडलं की थरथरणारं, उशीखाली ठेवता येईल, कमरेला बांधता येईल असं. टेबलावर सुट्या तारांच्या गुंत्यात ते चालत होतं. उचललं की एखादी तार निसटायची. बोर्डाशिवाय ते खडकीला जाणं शक्य नव्हतं.

"घरी कर," अख्तरबानूनं खुणेनं सांगितलं.

रियाज हिंजवडीला सर्किटांच्याच कामात होता. "कॉलेजात केले होते, आपा. एक धड झाला नाही," तोही हातांनीच म्हणाला. "इथं बाळाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच कर."

तो पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन सामान घेऊन आला. तांब्याचा पातळ थर असलेला बोर्ड, तांबं खाणाऱ्या द्रावणाची बाटली, आणि येताना गुळगुळीत कागदांवर छापून घेतलेल्या सर्किटच्या नकाशाच्या दोन-तीन प्रती. कागद तांब्यावर पालथा ठेवून त्यानं गरम इस्त्री फिरवली, म्हणजे शाई तांब्याला चिकटते. शाईखालचं तांबं टिकतं, बाकीचं द्रावण खातं. पण कागद त्यानं घाईनं ओढला आणि अर्ध्या रेषा कागदाबरोबर निघून आल्या.

"बघितलंस?" तो वैतागला.

अख्तरबानूनं तांबं घासून लख्ख केलं आणि दुसरा कागद लावून इस्त्री स्वतः हातात घेतली. फिरवली नाही, नुसती दाबून धरली. बोर्ड गार होईपर्यंत थांबली. मग पाण्यात भिजवून बोटाच्या पेरानं कागदाचा लगदा हळूहळू काढला. एकच रेष तुटली होती. ती रियाजनं मार्करनं जोडली.

गच्चीत प्लास्टिकच्या तबकात तांबूस द्रावण ओतलं. हातमोजे चढवून दोघं आळीपाळीनं तबक हलवत राहिले. तांबं विरत गेलं आणि काळ्या रेषा उरल्या. मग भोकं पाडणं, सुटे भाग बसवणं, डाग देणं. दुपार कलली तेव्हा बोर्ड तयार झाला. दिसायला अगदीच गबाळा.

रियाजनं टाळी वाजवली. यंत्र थरथरलं. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. पुन्हा थरथरलं. का, ते रियाजनं खुणेनं सांगितलं.

"शेजाऱ्यांच्या भातालाही मीच उठू?" अख्तरबानू हसली.

त्यानं मोबाइलवर बाळाचं रडणं लावलं आणि बारीक स्क्रू फिरवत बसला. शिट्टीला यंत्र गप्प राहू लागलं.

"कंपनीचे आले की हा बदलून देतो," तो म्हणाला.

"नको. ते आले की श्यामलाला दे. माझ्या शाळेतली. तिलाही ऐकू येत नाही, आणि दिवस गेलेत."

"कंपनी पाचाच्या खाली बनवतच नाही."

"मग पाचही खपतील."

असरची वेळ झाली. नसीमबानू आतल्या खोलीत नमाजला उभ्या राहिल्या. अख्तरबानू यंत्र कमरेला बांधून मोरीत तबक धुवायला बसली. तिची पाठ दाराकडं होती.

बाळ रडू लागलं. रियाज उठला, पण तसाच थांबला. सजद्यात कपाळ टेकलेल्या नसीमबानूंनी घाईनं डोकं वर केलं. रडणं वाढलं. त्यांनी कसाबसा सलाम फेरून नमाज उरकला आणि वळल्या.

बाळ जागेवर नव्हतं. ते अख्तरबानूच्या खांद्यावर होतं, आणि तिच्या ओल्या कोपरांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. रडणं थांबलं होतं. कमरेचं यंत्रही थांबलं, तशी ती थोपटायची थांबली आणि बाळाच्या तोंडाकडं बघू लागली.

नसीमबानूंनी जानमाजची चटई गुंडाळून ठेवली. दोरीवरची झबली, लंगोट काढून एकेक घडी घातली आणि अख्तरबानूच्या बॅगेत भरली.

"खडकीत डास फार," त्या रियाजला म्हणाल्या. "मच्छरदाणी घ्यायला सांग तिला."

"तूच सांग ना, अम्मी."

नसीमबानू मुलीसमोर गेल्या. आपल्या तोंडावर खिडकीतला उजेड पडेल अशा बसल्या, आणि एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवत बोलू लागल्या.