प्रात्यक्षिक

"तुम्ही मार खायचा नाही," सोबतीला नेमलेल्या ताईंनी सुनेला पुन्हा बजावलं. "नव्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. ज्याने सोसलं त्यालाच पुन्हा सोसायला लावायचं नाही. त्या दिवशी घडलं त्याचं प्रात्यक्षिक करताना तुमच्या जागी या हवालदारबाई उभ्या राहतील. तुम्ही आपलं नुसतं सांगायचं."

सुनेने मान हलवली. उजवा हात प्लास्टरमध्ये, उजव्या भुवईवर नऊ टाके. बारा दिवसांनी ती स्वतःच्या स्वयंपाकघरात आली होती आणि पाहुण्यासारखी दाराशी उभी होती.

तपास अधिकाऱ्याच्या फाइलमध्ये सुनेच्या जबाबाविरुद्ध दोन जबाब होते. नवऱ्याचा : ओल्या फरशीवरून तिचा पाय घसरला, डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. सासूचा : मी बाहेरच्या खोलीत पडले होते, कानाने अधू आहे, काही ऐकलं नाही. त्या वेळी घरात चौथं माणूस नव्हतं. उद्या जामिनाची सुनावणी. एवढ्यावर नवरा उद्या संध्याकाळी या घरात जेवायला बसला असता, आणि सुनेला दुसरं घर नव्हतं.

नवऱ्याने ज्याने मारलं, असं सून सांगत होती, ते कुकरचं खरं झाकण सील होऊन मुद्देमालात गेलं होतं. अधिकाऱ्याने मांडणीवरून स्टीलचं ताट काढलं. नवऱ्याचं काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं. चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारा, दोन मुलींचा बाप.

"ए!" तो ओरडला आणि ताट हवालदारबाईंच्या डोक्यापासून वीतभर लांब थांबवलं.

"साहेब, माशी मारताय का?" हवालदारबाई हसल्या.

सुनेला हसू आलं. टाके ओढले गेले. "असं नाही," ती म्हणाली. "डावखुरे आहेत ते. आणि आधी ओरडत नाहीत."

साहेबांनी ताट डाव्या हातात घेतलं. "मग आधी काय?"

"आधी हाक मारतात."

"कशी?"

ते काही सांगता येण्यासारखं नव्हतं. तिने डावा हात पुढे केला. "द्या इकडे."

"अहो, नको," ताई मध्ये आल्या. "परिपत्रकात –"

"मार खायचा नाही, एवढंच ना त्यात?"

ताईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ताट तिच्या हातात दिलं.

तिने मान एकदा इकडे, एकदा तिकडे मोडली. खांदे रुंद झाल्यासारखे दिसले.

"इकडे ये गं जरा." आवाज मऊ होता. "ये ना. घाबरतेस काय? हे बघ. झाकणाच्या रबरात काय अडकलंय? वास घे. घे म्हणतो ना, वास घे. मी दिवसभर मरमर मरायचं आणि घरी येऊन हे खायचं, होय?"

हवालदारबाईंच्या तोंडावरचं हसू कुठच्या कुठे गेलं. "चुकलं," त्या म्हणाल्या. हे त्यांना कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं.

"हात खाली."

बाईंचा हात आपसूक तोंडापुढे गेला होता.

"हात खाली घे! खाली! माझ्या घरात माझ्यावर हात उगारतेस, भवाने?"

ताट बाईंच्या कानाशेजारी भिंतीवर आदळलं. खुंटीवरची पळी खाली पडली. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा ताटाची कड मुडपली. तिसऱ्यांदा बाई खाली बसल्या, टोपी सुटली, आणि वीस वर्षं नोकरी झालेल्या त्या बाईने डोकं गुडघ्यांत घालून वर दोन्ही हात धरले.

"ओरड! ओरड की! बघू कोण येतंय तुझं! ओरड!"

तो पुरुषाचा आवाज होता. पोटातून, जाड, थुंकी उडवत येणारा. साहेबांचा चष्मा गळ्यातच राहिला. ताईंनी परिपत्रक छातीशी धरलं होतं. ताट चढत होतं आणि उतरत होतं, चढत होतं आणि उतरत होतं, आणि त्याला थांबवायचं कसं हे त्या खोलीत कोणालाच सुचेना.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासू आत आली.

तिने कोणाकडे पाहिलं नाही. खाली बसलेल्या बाईंचे पाय तिने सवयीने ओलांडले. खिडकी ओढून घेतली, कडी लावली. मग मोरीत स्टीलचं पातेलं उपडं घातलं आणि नळ पूर्ण सोडला. पाणी पातेल्यावर धडाधड वाजू लागलं. ती पाठ करून, दोन्ही हात नळावर ठेवून उभी राहिली, जशी बस येईपर्यंत माणसं उभी राहतात.

ताट थांबलं.

"आजी," साहेब अगदी हळू म्हणाले. "खिडकी का लावलीत?"

"शेजारी आवाज जातो," सासू मागे न बघता म्हणाली.

मग तिची पाठ ताठ झाली. पण हात नळावरून निघेनात.

साहेबांनी फाइल उघडली नाही. हवालदारबाई खालूनच वर बघत राहिल्या. सुनेने वाकडं झालेलं ताट ओट्यावर ठेवलं आणि सासूच्या खांद्यावरून ती त्या पाण्याकडे पाहू लागली.

"आई," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "हे पाणी खरं असायचं होय? मला दर वेळी वाटायचं, माझ्याच डोक्यात काहीतरी फुटून वाहतंय."