प्रशिक्षकाच्या कानांची तपासणी

मैदानावर फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाकामागच्या चार खुर्च्या आमच्या घरच्यांसाठी कायम राखलेल्या. संघ हरू लागला, तसे आम्ही त्याच्या बायको-पोरांवरूनही ओरडू लागलो. तो एकदाही वळला नाही.

"बहिरा आहे गं तो. कर घसा मोकळा," दादा म्हणायचा.

शेवटी भांडणतंटा होऊन क्लबने त्याला काढलं. करार मध्येच मोडल्याची भरपाई देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट घातली. मी श्रवणतज्ज्ञ, म्हणून कानांची तपासणी माझ्याकडे आली.

"आवाज आला की बटण दाबा," मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

"हळू बोललात तरी चालेल," तो म्हणाला.

मी तपासणी दोनदा केली. मग अहवाल लिहिला: दोन्ही कान निर्दोष. कुजबुजीहून हलका, दहा डेसिबेलचा आवाजही स्पष्ट ऐकू येतो.