चार तोट्या

"जुनं व्हर्जन परत घाल." विनीतने पेन ड्राइव्ह निशिगंधाच्या पुढ्यात टाकला. "थोड्या वेळात चाचणी आहे. मला गडबड नको."

निशिगंधाने पेन ड्राइव्ह उचलला, ओढणीच्या टोकात धरला आणि वर घट्ट गाठ मारली.

"नाही घालणार."

विनीत तिचा वरिष्ठ. पुण्याहून पहाटेच निघून महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या रसायनांच्या कारखान्यात आला होता. कारखान्यातले सगळे कॅमेरे आणि वायुगळती ओळखणारे सेन्सर त्यांच्या कंपनीच्या एका पेटीला जोडलेले होते. गळती झाली की सेन्सरने निरोप धाडायचा आणि पेटीने भोंगा वाजवायचा. पेटीतल्या नेटवर्क कार्डात निरोप घ्यायला चार रांगा होत्या. पण ते कार्ड चालवणारा कंपनीचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, त्यातली एकच रांग उघडायचा. कॅमेऱ्यांची चित्रं तीत खच्चून भरायची आणि गळतीचा निरोप त्यांच्या मागे ताटकळत राहायचा. निशिगंधाने खपून ड्रायव्हर नव्याने लिहिला. आता चारही रांगा उघडत होत्या. त्यातल्या तीन रांगा कॅमेऱ्यांना. चौथी फक्त सेन्सरना.

"चार रांगा म्हणजे निरोप मागेपुढे होणार," विनीत म्हणाला.

"का होतील? प्रत्येक कॅमेऱ्याची रांग ठरलेली आहे. तो दुसरीत जातच नाही. आमच्या वाडीवर टँकरला असंच चालतं."

तिची वाडी कापडे गावाच्या वर, डोंगरात. वैशाखात तिथे टँकर यायचा. त्याला तोट्या चार, पण पाणी सांडतं म्हणून टँकरवाला एकच सोडायचा. एका वर्षी तिची आई बयाबाई पाना घेऊन पुढे झाली आणि उरलेल्या तिन्ही तोट्या तिने स्वतः सोडल्या. "पानी तुज्या बापाचं नाय, नि तोटीबी नाय!" असं वर ऐकवलं. तेव्हापासून घरागणिक तोटी ठरली. ज्या घराची जी तोटी, त्या घरचे हंडे तिथेच. चौथी मात्र मोकळी ठेवायची. घरात बाळंतीण असेल किंवा कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, त्याने तिथे थेट हंडा लावायचा. वाडीत त्यावरून कधी भांडण झालं नाही.

"टँकरचं राहू दे," विनीत वैतागला. "जुन्यात थोडा उशीर होतो, मान्य. पण नियमात तीस सेकंदांची मुभा आहे."

"मग तीन नंबरच्या शेडमध्ये जा. माझे आबा तिथे पिंपं हलवतात. त्यांना सांगा, आबा, तीस सेकंद श्वास धरा."

विनीतने मान फिरवली. मग हळू आवाजात म्हणाला, "चाचणी फसली तर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार. रांगा चारच राहतील."

आबा म्हणजे तिचा बाप येसाजी. सकाळी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून येताना तिने त्यालाही बजावलं होतं. फाटकावर सूचना लागली होती, की आज भोंग्याची चाचणी आहे, कामगारांनी काम थांबवू नये.

"आबा, भोंगा झाला की भायेर पडायचं. सगल्यांना घेऊन. चाचनी बिचनी काय नाय."

"आगो, लोकं हसतील ना."

"हसूदेत."

दार उघडलं. सुरक्षा अधिकारी आत आले. चाचणीच्या वायूची छोटी बाटली त्यांच्या हातात होती. ती खोलीतल्याच एका सेन्सरजवळ नेऊन उघडायची, मग भोंगा किती वेळात वाजतो ते पाहायचं, असं ठरलं होतं. विनीतने निशिगंधाकडे पाहून भुवया उंचावल्या. तिने ओढणीची गाठ मुठीत धरली आणि नाही अशी मान हलवली. आता इलाज नव्हता. त्याने सगळे कॅमेरे एकदम सुरू केले. भिंतीवरचा पडदा चित्रांनी भरून गेला.

आणि भोंगा वाजला.

पडद्यावर तीन नंबरची शेड दिसत होती. येसाजीने हातातलं पिंप सोडलं, टॉवेल नाकाला लावला आणि तो माणसांना दाराकडे ढकलू लागला. दोघंतिघं त्याला हसत होते. हसत हसतच बाहेर पडले. सगळ्यांच्या मागून तो निघाला.

विनीतचा चेहरा उजळला. "पाहिलंत सर? सगळे कॅमेरे चालू, तरी क्षणाचा उशीर नाही. आमच्या कंपनीने मुद्दाम चार रांगांची सोय केली आहे. तुम्ही बाटली उघडलीत आणि लगेच..."

अधिकाऱ्यांचा रंग उतरला होता. ते हातातल्या बाटलीकडे बघत होते.

बाटलीचं सील अजून तोडलेलंच नव्हतं.